फुगा, स्टेंट आणि नवतीची कापणी

रावेर तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: वडील ६१ वर्षांचे, केळीची शेती, दहा वर्षांपासून शुगर. गेल्या सहा महिन्यांपासून बांधावरून भराभर चाललं की छाती भरून येते, तीन-चार मिनिटं थांबलं की मोकळं वाटतं. बसल्या जागी किंवा झोपेत कधीच नाही. अँजिओग्राफी झाली. उजव्या धमनीत ८० टक्के ब्लॉकेज, समोरच्या मोठ्या धमनीत, म्हणजे एलएडीत, ५० टक्के. डावी मुख्य धमनी चांगली, इकोमध्ये पंपिंग ६० टक्के, म्हणजे चांगलं. डॉक्टरांनी उजव्या धमनीत स्टेंट, म्हणजे धातूची जाळी, सुचवला आहे. मामांचं म्हणणं, नुसता फुगा मारून घ्या, लोखंड कशाला आत ठेवायचं. नाहीतर काहीच करू नका, लसूण-आलं-लिंबू-मधाचा काढा घ्या. नवतीची, म्हणजे नव्या बागेतल्या केळीची, कापणी तीन आठवड्यांवर आली आहे, तोवर थांबलं तर चालेल का? आणि आईने विचारलंय, फुगा आतच राहतो का?

कापणीचं आधी सांगतो, कारण घरात सध्या तीच चर्चा असणार. लक्षणं तुम्ही लिहिलीत तशीच असतील तर तीन आठवडे थांबता येईल. गोळ्या एकही दिवस न चुकवता, आणि वडिलांनी घडाला हात न लावता. घड मजूर वाहतील, वडिलांनी सावलीत बसून गाडीचा हिशेब लिहावा. पण लक्षणांची तऱ्हा बदलली तर कापणी अर्धी टाकून निघायचं. हा बदल कसा ओळखायचा, ते पुढे सविस्तर लिहितो. पंचवीस वर्षं जळगाव-धुळ्याच्या भागात कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी आणि स्टेंटच्या खोलीत, उभा राहतो आहे. जिथे चार दिवस विचार करायला वेळ आहे तिथे लोक रात्री अकराला सोनं गहाण टाकून पळत येतात, आणि जिथे मिनिटागणिक हृदय मरत असतं तिथे सोडा पिऊन उजाडायची वाट बघतात. हे उलटं व्हायला हवं, असं मी रोज कोणाला ना कोणाला सांगत असतो.

आता मामांचा फुगा. मामांच्या डोळ्यांसमोर धमनी म्हणजे ठिबकची नळी आहे. त्यात त्यांचा दोष नाही. 'पाइपात कचरा अडकलाय' असं आम्ही डॉक्टरच सांगत सुटतो. रावेर-यावलच्या माणसाला ठिबक शिकवायची गरज नसते. क्षार साचले की ॲसिड सोडायचं, शेवटचं टोक उघडून नळी धुवून काढायची, झालं. म्हणून दर आठवड्याला एक तरी जण विचारतोच, 'डॉक्टरसाहेब, रक्ताच्या नळीला ॲसिड ट्रीटमेंटसारखं काही नाही का?' नाही. क्षार नळीच्या आतल्या बाजूला चिकटतात. धमनीतली चरबी भिंतीवर बसलेली नसते, भिंतीच्या आत मुरलेली असते. सगळ्यात आतल्या अस्तराखाली ती वर्षानुवर्षं साठते, तिच्यावर एक पापुद्रा येतो, आणि भिंत आतल्या बाजूला फुगत जाते. नळीत साचलेल्या क्षारापेक्षा ती कातडीखालच्या गळवासारखी जास्त असते. गळू वरून धुऊन जात नाही. काढा पोटात जातो, पचतो, त्यातल्या मधाने वडिलांची शुगर मात्र नक्की वाढेल.

ठिबकचा दाखला एका ठिकाणी मात्र चपखल बसतो. मेन लाइनमध्ये अडथळा असला आणि एकच वॉल्व्ह चालू असला तर काही कळत नाही, पाणी शेवटच्या झाडापर्यंत जातं. सगळे वॉल्व्ह एकदम उघडले की शेवटच्या ओळी कोरड्या. वडिलांचं तेच होतं आहे. माणूस बसलेला असताना हृदयाची रक्ताची गरज इतकी कमी असते की ८० टक्के अरुंद झालेली धमनीही भागवून नेते. चढ चढला, ओझं उचललं, की गरज तीन-चार पट होते आणि तेव्हा पुरवठा तोकडा पडतो. छाती भरून येते, थांबलं की जाते. याला आम्ही स्थिर अंजायना म्हणतो. 'स्थिर' या शब्दावर तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर टेकलेलं आहे.

फुग्याने नेमकं काय होतं? फार लोकांना वाटतं, चरबी चेपून भिंतीला लिंपली जाते, शेणाने भिंत सारवावी तशी. थोडंफार चेपलं जातंही. पण खरं काम वेगळंच आहे: फुगा तो कडक थर तडकवतो आणि भिंत ताणून मोठी करतो. म्हणजे एका अर्थाने ती मोजूनमापून केलेली इजाच असते. केसाच्या काही पट जाड तार, पाव-अर्धा मिलिमीटरची, आधी ब्लॉकेजच्या पलीकडे न्यायची. तिच्यावरून मिटलेला फुगा सरकवायचा आणि जागेवर आला की फुगवायचा. उजव्या धमनीसाठी फुगा साधारण ३ मिलिमीटर व्यासाचा, पेन्सिलीच्या निम्म्याहूनही बारीक. त्यात हवा भरत नाहीत. एक्स-रेत दिसणारं औषध सलाइनमध्ये मिसळून भरतात. फुटलाच तर रक्तात हवा जायला नको, आणि पडद्यावर दिसायलाही हवा. दाब ८ ते १२ ॲटमॉस्फिअर, कधी त्याहूनही जास्त. मोटारीच्या टायरात दोन-सव्वादोन असतो, यावरून अंदाज करा. दहा-वीस सेकंद फुगवायचा, की उतरवायचा. तेवढा वेळ ती धमनी पूर्ण बंद असते, म्हणून वडिलांना त्या क्षणी नेहमीसारखी छाती भरल्यासारखं वाटेल. माणूस जागाच असतो. मी आधीच सांगून ठेवतो, 'आता दुखेल, मी फुगा सोडला की जाईल.' सांगितलं नाही तर बिचारा घाबरतो.

ही कल्पना ज्याच्या डोक्यातून आली त्याच्याबद्दल दोन ओळी लिहायचा मोह आवरत नाही. अँड्रियास ग्रुंट्झिग, जर्मनीत जन्मलेला, झुरिकला काम करणारा डॉक्टर. त्याच्या आधी १९६४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स डॉटरने पायाची धमनी एकाहून एक जाड नळ्या घालून रुंद केली होती. ग्रुंट्झिगने नळीच्या टोकाला फुगा लावला, आणि तो फुगा बनवला स्वतःच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. १६ सप्टेंबर १९७७ ला त्याने ३८ वर्षांच्या एका रुग्णाच्या एलएडीत तो फुगवला. दहा वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही ती जागा उघडीच होती. ते बघायला ग्रुंट्झिग नव्हता. १९८५ मध्ये स्वतःचं विमान चालवताना अपघातात तो गेला.

म्हणजे मामा म्हणतात तसा नुसता फुगा खरंच होता, आणि काही लोकांत तो दहा वर्षं टिकलाही. मग सोडला का? माझ्या शिकाऊ दिवसांत, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, मुंबईत आम्ही नुसते फुगे मारत होतोच. ती वाट पाहणं अजून आठवतं. फुगा काढला, धमनी छान उघडली, सगळ्यांनी सुस्कारा सोडला. पण टेबलावरून कोणी हलायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फोटो. तोवर भिंत रबरासारखी परत आत आलेली असायची. कधी फुग्याने तडकलेल्या अस्तराचा एक पापुद्रा सुटून धमनीत लोंबकळायचा आणि धमनी झपकन बंद व्हायची. शंभरात चार-पाच वेळा असं होई. त्यासाठी बायपासचं ऑपरेशन थिएटर राखून ठेवलेलं असायचं, सर्जन चहा पीत बसलेला असायचा आणि त्याचा चहा संपू नये अशी आमची इच्छा असायची. यातून सुटलेल्यांपैकी ३० ते ४० टक्के लोक सहा महिन्यांत त्याच जागी पुन्हा अरुंद होऊन परत येत. फुग्याने केलेली इजा भरून काढताना शरीर जास्तीचं मांस वाढवतं, जखमेचा वण जाड व्हावा तसं.

स्टेंट आला तो या तिन्हींवर उपाय म्हणून. बारीक धातूची जाळी, मिटलेल्या फुग्यावर बसवलेली. फुगा फुगला की जाळी उघडते आणि भिंतीला आतून टेकू देते. माणसाच्या हृदयाच्या धमनीत पहिले स्टेंट १९८६ मध्ये फ्रान्समध्ये जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिक सिगवार्ट यांनी बसवले. भिंत मागे येणं आणि पापुद्रा लोंबकळणं जवळजवळ थांबलं. मांस वाढणं मात्र थांबलं नाही, पाचात एकाला व्हायचंच. मग जाळीवर औषध चढवलं, ते हळूहळू पाझरून वण जाड होऊ देत नाही. २००२-०३ पासून हे स्टेंट बाजारात आले आणि पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली गेलं. आज तुमच्या वडिलांना जो सुचवला आहे तो याच जातीचा. तो लोखंडी डाग नाही. बहुतेक कोबाल्ट-क्रोमियमसारख्या मिश्रधातूचा असतो, त्याच्या काड्या केसाएवढ्या बारीक असतात, गंजत नाही, एमआरआयला अडचण येत नाही.

मामांना जरा बरं वाटेल असं एक सांगतो. फुगा पुन्हा परत आला आहे, पण औषध लावलेला. तो अर्धा-एक मिनिट फुगवून भिंतीला औषध चोपडतात आणि काढून घेतात, आत काही राहत नाही. जुना स्टेंट आतून पुन्हा भरला असेल, किंवा धमनी फार बारीक असेल, तेव्हा तो मी स्वतः आवडीने वापरतो. पण उजव्या धमनीसारख्या मोठ्या नळीत, नव्या ब्लॉकेजला आजही औषधी स्टेंटच पहिला.

आता मुख्य प्रश्न. स्टेंट टाकायचा का? इथे माझ्या काही सहकाऱ्यांना माझं म्हणणं आवडणार नाही. वडिलांसारख्या स्थिर रुग्णात स्टेंट आयुष्य वाढवतो किंवा पुढचा अटॅक टाळतो असं सिद्ध झालेलं नाही. २००७ मध्ये करेज नावाचा अभ्यास आला, २,२८७ रुग्णांचा. नंतर इस्केमिया, ५,१७९ रुग्णांचा. त्याचा निकाल २०१९ च्या अखेरीस जाहीर झाला. दोन्हींत एका गटाला चांगली औषधं, दुसऱ्याला औषधं अधिक अँजिओप्लास्टी, म्हणजे हेच फुगा-स्टेंट; इस्केमियात काहींना बायपास. मृत्यू आणि अटॅक दोन्हींकडे जवळपास सारखेच. ज्यांना आधी छातीत दुखत होतं त्यांचं दुखणं मात्र स्टेंटने जास्त कमी झालं. लंडनच्या डॉक्टरांनी तर त्याहून धाडसी प्रयोग केला: २०० रुग्णांना कॅथलॅबमध्ये नेलं, भूल दिली, निम्म्यांना स्टेंट टाकला, निम्म्यांना काहीच केलं नाही, आणि कोणालाच सांगितलं नाही. सहा आठवड्यांनी चालण्याच्या चाचणीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. हे २०१७ चं. त्या सगळ्यांच्या गोळ्या आधीच भरपूर वाढवलेल्या होत्या. त्याच लोकांनी २०२३ मध्ये दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या बंद करून ३०१ जणांवर तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा स्टेंटवाल्यांचं दुखणं खरोखर कमी झालं.

यातून मी जे शिकलो ते असं: स्थिर माणसात स्टेंट ही दुखणं कमी करायची सोय आहे, आयुष्याची पॉलिसी नाही. कारण उघड आहे. अटॅक ८० टक्के अरुंद जागेतच येतो असं नाही. ते गळू कुठलंही फुटतं, पुष्कळदा ४०-५० टक्क्यांचं, मऊ चरबीने भरलेलं. फुटलं की त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि काही मिनिटांत धमनी शंभर टक्के बंद. स्टेंट एक जागा उघडतो; आजार सगळ्या धमन्यांत पसरलेला आहे. म्हणून वडिलांच्या एलएडीतल्या ५० टक्क्यांची मला उजव्या धमनीतल्या ८० टक्क्यांइतकीच काळजी आहे. तिच्यावरचा इलाज मात्र फुगा नाही. कोलेस्टेरॉलची गोळी, शुगर, बीपी, आणि तंबाखू असेल तर ती सोडणं. ती ५० टक्क्यांची जागा रक्त अडवते का, हे बारीक तारेने दाब मोजून कळतं, आकडा ०.८० च्या वर असला तर तिथे हात लावायची गरज नसते. नुसता फोटो बघून कोणी 'दोन्हीकडे टाकून देऊ' म्हणालं तर हे मोजलंय का, असं शांतपणे विचारा.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? हे तीन आठवडे वाया घालवले नसते. हृदयाची गती मंद ठेवणारी गोळी आणि धमन्या सैल करणारी गोळी सुरू आहे का ते बघा, नसेल तर डॉक्टरांना विचारा. तीन आठवड्यांनी वडील त्याच बांधावरून त्याच वेगाने चालले आणि छाती भरली नाही, तर स्टेंट न टाकता चालू शकतं, आणि डॉक्टरांशी तसं मोकळेपणाने बोला. तरीही भरत असेल, किंवा गोळ्यांनी चक्कर-थकवा येऊन शेतात जाणंच बंद झालं असेल, तर स्टेंट टाकून घ्या, मनात काही न ठेवता. शेतकऱ्याला चालता येणं ही लहान गोष्ट नाही. डावी मुख्य धमनी खराब असती, पंपिंग कमी असतं किंवा तिन्ही धमन्यांत मोठे ब्लॉकेज असते तर हे उत्तर मी दिलं नसतं. शुगर असलेल्या माणसाच्या अनेक धमन्या खराब असतील तर बायपास सरस, हे २०१२ मध्ये १,९०० रुग्णांच्या अभ्यासात दिसलं आहे. अशा घरांना मी स्वतःच सर्जनकडे पाठवतो. काही जण मग माझ्याकडे न येता दुसरीकडे जाऊन चार स्टेंट टाकून येतात.

आता तो बदल. खालीलपैकी एकही गोष्ट झाली तर 'स्थिर' हा शब्द संपला: बसल्या जागी छाती भरली, रात्री झोपेतून उठवलं, आधी शंभर पावलांवर यायचं ते वीस पावलांवर आलं, थांबून पंधरा मिनिटं झाली तरी गेलं नाही, सोबत घाम, उलटी, घशात आवळल्यासारखं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ. शुगरच्या रुग्णात दुखणं मुळीच नसू शकतं, नुसता दम लागतो आणि दरदरून घाम फुटतो. आणि 'दुखणं' या शब्दावर जाऊ नका. शिरपूरकडचा म्हातारा माझ्यासमोर बसून सांगतो, 'छातीमा दुखस नही, जड वाटस.' घरचे लिहून आणतात: दुखत नाही. ते जड वाटणंच आमचं दुखणं असतं.

धडगावच्या बाजूचे एक शिक्षक माझ्या मनातून जात नाहीत. पहाटे चारला छातीत जळजळ सुरू झाली. आदल्या रात्री लग्नात तर्रीची शेवभाजी झाली होती, म्हणून घरात सगळ्यांचं एकमत: गॅस. सोडा, मग ओवा, मग गावातल्या एकाने दिलेलं इंजेक्शन. घाट उतरून, एक दवाखाना, दुसरा दवाखाना करत माझ्या टेबलावर आले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. चौदा तास. धमनी मी उघडली, पण हृदयाचा तो भाग तोवर गेला होता. बंद धमनीच्या मागचं स्नायूचं मांस अर्ध्या तासात मरायला लागतं आणि सहा ते बारा तासांत बहुतेक मरून जातं. शिक्षक वाचले, पंपिंग ३० टक्के. शाळेचा जिना आता चढवत नाही.

अटॅकमध्ये, म्हणजे धमनी पूर्ण बंद झाली असताना, फुगा खरंच जीव वाचवतो. इथे वरचे अभ्यास लागू नाहीत, इथे वाद नाही. दवाखान्याच्या दारातून आत आल्यापासून ९० मिनिटांच्या आत धमनी उघडावी, हा जगभराचा दंडक आहे. पण आपल्या खान्देशात अडचण दाराच्या आधीची आहे. रावेरहून जळगावला निघालात तर सत्तरेक किलोमीटर, मध्ये भुसावळची गर्दी. अक्कलकुवा-धडगावकडून नंदुरबार, तिथून पुढे धुळे किंवा सुरत. कॅथलॅबला पोचून फुगा फुगेपर्यंत दोन तासांहून जास्त लागणार असतील तर जवळच्या दवाखान्यातच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घ्यायचं, ईसीजी निघाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत, आणि मग पुढे निघायचं. टेनेक्टेप्लेज असेल तर एकाच झटक्यात शिरेतून दिलं जातं, स्ट्रेप्टोकायनेज असेल तर तासभर सलाइनमधून. ते घेऊन पुढे आलेल्या रुग्णाची अँजिओग्राफी आम्ही ३ ते २४ तासांत करतो. इंजेक्शनने धमनी उघडली नाही असं वाटलं तर लगेच. त्यामुळे 'इथे कशाला वेळ घालवता, थेट मोठ्या दवाखान्यात न्या' हा नातेवाइकांचा आग्रह नेहमी शहाणपणाचा नसतो. आधी ईसीजी. तो काढायला पाच मिनिटं लागतात, फोटो काढून मोबाइलवर पाठवायला एक. तालुक्याच्या ठिकाणचे काही तरुण डॉक्टर मला रात्री तीनला ईसीजी पाठवतात. झोपमोड होते, पण त्यांच्यामुळे वाचलेली माणसं मला मोजता येणार नाहीत.

घरात करायचं ते एवढंच: १०८ ला फोन, माणसाला चालवत नेऊ नका, मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तर नकोच. ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या, ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्ताची उलटी झालेली नसेल तर. जिभेखालची गोळी बीपी न बघता देऊ नका. बीपी आधीच पडलेलं असेल तर माणूस जागेवर कोसळतो.

ठरवून केलेली अँजिओप्लास्टी तशी साधी असते. बहुतेक वेळा मनगटातून, तेवढ्याच जागेला भूल, तास-दीड तास, दुसऱ्या दिवशी घरी. धोका शून्य नाही: जिवाला धोका शंभरात एकाहूनही कमी, थोड्यांना मनगटाला रक्त साकळतं, काहींच्या किडनीला त्या एक्स-रेच्या औषधाचा त्रास होतो. जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला टेकलेला असताना तहानलेला, शुगरचा माणूस टेबलावर घेणं मला आवडत नाही. म्हणून आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासा, पाणी भरपूर पाजा, आणि शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर तसं डॉक्टरांना सांगा.

पैशांचं. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी तो लाखाच्या पुढे विकला जायचा, आणि त्यात कोणाकोणाचा वाटा असायचा ते मी इथे लिहीत नाही. आकडा नंतर बदलत गेला, पण ती लूट परत आली नाही. स्टेंटच्या डब्यावरचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेलं असतं, नंबर आणि किमतीसह. ते बघून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशन कार्ड आणि आधार घेऊन भरती होण्याआधी जा. बिल झाल्यावर गेलात तर काही हाती लागत नाही.

स्टेंटनंतरच्या गोळ्यांबद्दल एकच गोष्ट जीव तोडून सांगतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची दुसरी, स्थिर रुग्णात साधारण सहा महिने, अटॅकनंतर वर्षभर. मग एक कायमची. पारोळ्याकडचे एक गृहस्थ अटॅकनंतर चार महिन्यांनी दात काढायला गेले. कोणीतरी सांगितलं, रक्त थांबणार नाही, आठ दिवस गोळ्या बंद करा. पाचव्या दिवशी स्टेंटमध्येच गुठळी होऊन ते माझ्याकडे परत आले. दात, मोतीबिंदू, मूळव्याध, काहीही असो, गोळी बंद करायची का हे स्टेंट टाकणाऱ्याला विचारल्याशिवाय ठरवू नका. दाताचं रक्त बोळ्याने दाबून थांबतं.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. शेवभाजी वर्षातून दोन-चारदा, तर्री बाजूला काढून. भरताची वांगी कितीही खा, तेलाचा हात आखडता घ्या. हिवाळ्यातल्या भरीत पार्टीत मी स्वतः तेल तरंगताना पाहिलं आहे आणि खाल्लंही आहे. कळण्याची भाकरी उत्तम. केळी मात्र, स्वतःच्या बागेतली असली तरी, शुगर बघून.

आईंना सांगा, फुगा आत राहत नाही. मिनिटभरही नाही, काम झालं की मिटवून त्याच वाटेने बाहेर. राहतो तो स्टेंट, आणि काही महिन्यांत त्याच्यावर धमनीचं अस्तर चढून तो भिंतीचाच भाग होतो. कापणी उरकून लगेच करून घेतलंत तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतील तोवर मनगटावरचा निळा डागही पुसट झालेला असेल. आमरस एक वाटी. दुसरी मागितली तर ती मामांना द्या.